टाकीतलं नायट्रेट उतरत नाही? आधी जमा-खर्च बघा, बाटली नंतर



आपल्या सभासदांपैकी बऱ्याच जणांच्या घरी आता खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आली आहे. पोरांनी हौसेने ठेवलेली असते. दर्याचं पाणी घरचंच, खडकातले रंगीत मासे जाळ्यात कधीमधी मिळतात, बाजारातून दोन-चार मऊ प्रवाळ आणतात. पहिले तीन-चार महिने टाकी बघत राहावी अशी दिसते. मग काचेवर शेवाळ धरायला लागतं, वाळू तपकिरी होते, प्रवाळ मिटून बसतं. पोरगा दुकानात पाणी तपासून आणतो आणि आकडा येतो : नायट्रेट ८०. दुकानदार एक महागडी बाटली देतो. महिन्याने परत तपासलं तर आकडा ७० नाहीतर ९०. असे प्रश्न घेऊन लोक संस्थेच्या ऑफिसात येतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट. मासे अचानक वर येऊन तोंड उघडत असतील, एका रात्रीत दोन-तीन मेले असतील, तर नायट्रेटच्या मागे लागू नका. ते काम अमोनियाचं, नायट्राइटचं किंवा ऑक्सिजन कमी पडल्याचं असतं. लाइट गेली आणि हवेचा पंप बंद राहिला, एवढ्यानेही होतं. नायट्रेट असं झटक्यात मारत नाही. बहुतेक मासे लिटरमागे ५०-६० मिलिग्रॅम नायट्रेट निमूट सहन करतात. त्रास प्रवाळाला होतो, तोही हळूहळू, आणि शेवाळाचं मात्र फावतं. म्हणून नायट्रेटच्या बाबतीत घाई करायची नसते. घाईत केलेल्या उपायाने मासे मेलेले आम्ही जास्त बघितलेत.

आता हे नायट्रेट येतं कुठून? माशाने जे खाल्लं त्यातल्या प्रथिनात नत्र असतं, म्हणजे नायट्रोजन. अंगाला लागतं तेवढं लागतं, बाकीचं नत्र मासा कल्ल्यांतून अमोनिया म्हणून बाहेर टाकतो. न खाल्लेला तुकडा, विष्ठा, मेलेला शंख यांचंही कुजून अमोनियाच होतं. अमोनिया विषारी. वाळूत, खडकावर, फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टाकीत हे जिवाणू बसायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून नवीन टाकीत लगेच मासे भरू नका असं सांगतात. हे दोन्ही जिवाणू हवेवर जगणारे. वाहतं पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की ते छान काम करतात, आणि आपल्या हातात नायट्रेट ठेवून मोकळे होतात. इथून पुढे नायट्रेट जायला वाट नसेल तर ते साठत राहतं.

दर्यात ते का साठत नाही? तिथे खाणारे खूप आहेत. वरच्या उजेडातल्या पाण्यात सूक्ष्म शेवाळ नायट्रेट दिसलं की उचलतं, त्यामुळे उघड्या समुद्राच्या वरच्या थरात ते जवळजवळ नसतंच. खोल समुद्रात, जिथे उजेड नाही, तिथेही लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅमच असतं. म्हणजे ८० चा आकडा आलेल्या टाकीत खोल दर्याच्या चाळीसपट नायट्रेट आहे. टाकी म्हणजे दर्याचा तुकडा असं आपण म्हणतो खरं, पण तो तुकडा फार लवकर दर्यासारखा राहत नाही.

आपल्या गोव्याच्या समोरचा दर्या या बाबतीत जगात प्रसिद्ध आहे, ते थोडं सांगितलं पाहिजे, कारण टाकीतला सगळ्यात चांगला उपाय त्यातूनच कळतो. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत एक मोठा थर आहे, त्यात ऑक्सिजन जवळपास नाही. तिथले जिवाणू ऑक्सिजनच्या जागी नायट्रेटवर श्वास घेतात आणि त्याचा साधा नायट्रोजन वायू करून सोडतात, जो आपल्या हवेत भरलेलाच आहे. पावसाळ्यात खालचं थंड, कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. वरून पावसाचं आणि नद्यांचं हलकं पाणी झाकणासारखं बसतं, त्यामुळे वरची हवा खाली पोचत नाही. १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयओच्या शास्त्रज्ञांना किनाऱ्याजवळच्या तळाच्या पाण्यात नायट्रेट पार संपून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार झालेला सापडला. डॉ. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली त्यावर लिहिलं. अशा पाण्यात मासळी थांबत नाही.

तर नायट्रेट संपवणारे जिवाणू निसर्गात आहेत, आणि त्यांना ऑक्सिजन नको असतो. टाकीत त्यांना जागा द्यायची ती भोकाभोकांच्या खडकाच्या पोटात आणि जाड वाळूच्या तळाशी. जागा दिली की ते फुकट काम करतात. पण त्यांची ताकद मर्यादित असते, आणि आपण रोज किती टाकतो त्याला मर्यादा नसते. म्हणून आधी जमेची बाजू.

हा हिशोब आम्ही ऑफिसात कागदावर करून दाखवतो. एक लहान सोललेलं सुंगट, ५ ग्रॅमचं. त्यात प्रथिन साधारण १ ग्रॅम. प्रथिनाच्या वजनातला सहावा भाग नत्र, म्हणजे ०.१६ ग्रॅम. ते सगळं नायट्रेट झालं तर ०.७ ग्रॅम, म्हणजे ७०० मिलिग्रॅम. टाकी २०० लिटरची असेल तर लिटरमागे साडेतीन मिलिग्रॅम. हे एका दिवसाचं, एका सुंगटाचं! आठवड्याला झाले २४-२५. त्यातलं अर्धं माशाच्या अंगाला लागलं, काही खडकाने खाल्लं असं धरलं तरी आठवड्याला दहा-बारा वाढणारच. आणि आपल्या घरात एका सुंगटावर कोण थांबतो? बाजारचं खाणं विकत घेणारा माणूस चिमूट मोजून घालतो. आपल्याकडे मासळी घरचीच, आई सुंगटं सोलायला बसली की पोरगा मूठभर उचलतो, बांगड्याचं पोट नेऊन टाकतो. मासे खातात, आनंद होतो, पुन्हा टाकतो. बांगडा आणि तारली टाकीला तर अजिबात नको. त्यांचं तेल पाण्यावर तवंग धरतं आणि हवा आत जाणं कमी होतं.

खायला घालायचंच तर सुंगट किंवा माणकी बारीक चिरून, गोड्या पाण्यात धुऊन, रस काढून टाकून. तुकडा माशाच्या डोळ्याएवढा. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा. मोठ्या माशांना आठवड्यातून एक दिवस उपास घातला तरी चालतो, दर्यात त्यांना रोज दोन वेळा कोण वाढतं? मासेही मोजा. २०० लिटरच्या टाकीत खडक आणि वाळू काढली तर पाणी १६० लिटरच राहतं, त्यात बोटभर लांबीचे पाच-सहा मासे खूप झाले. जाळ्यात आलेलं पिल्लू गोंडस दिसतं, पण ते कोणत्या माशाचं आहे आणि किती वाढतं हे आपल्याइतकं कुणाला माहीत? तांबोशाचं पिल्लू टाकीत ठेवून सहा महिन्यांनी तक्रार करू नये.

आता खर्चाची बाजू, म्हणजे पाणी बदलणं. इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. लोक म्हणतात, आम्ही दर रविवारी दहा टक्के बदलतो तरी आकडा चढतोच. चढणारच, हिशोब बघा. समजा आठवड्याला १० जमा होतात आणि तुम्ही दहा टक्के पाणी काढता. आकडा कमी असताना दहा टक्क्यांत जातं थोडंच, जमा मात्र दहाची. म्हणून तो चढत जातो, आणि थांबतो तो १०० वर, कारण शंभरचे दहा टक्के म्हणजे दहा, तेव्हा कुठे जमा आणि खर्च जुळले. वीस टक्के बदललं तर तो ५० वर थांबेल. तीस टक्के बदललं तर ३३ वर. आणि वीसच टक्के बदलून खाणं निम्मं केलं, म्हणजे जमा ५ वर आणली, तर २५ वर येऊन थांबेल. पाण्याचे कॅन उचलण्यापेक्षा खाण्यावर हात आखडणं किती स्वस्त पडतं ते यातून दिसतं.

८० वरून खाली आणायचं असेल तर एका दिवसात सगळं पाणी उपसू नका. खारटपणा, तापमान, पीएच सगळं एकदम बदलतं आणि माशांना, प्रवाळाला त्याचाच धक्का बसतो. वीस-वीस टक्के, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. ८० चे ६४, मग ५१, ४१, ३३, २६ आणि सहाव्या वेळी २१. मधल्या दिवसांत थोडी जमा होईल ती वेगळी. तीन आठवड्यांचं काम आहे. पाणी काढताना वरचं स्वच्छ पाणी काढू नका, नळी वाळूवरून आणि खडकाच्या फटींतून फिरवा म्हणजे साचलेला गाळ निघेल. तो गाळ म्हणजे अजून न झालेलं नायट्रेट. फिल्टरचा स्पंज आणि कापडी पिशवी दर तीन-चार दिवसांनी, काढलेल्या खाऱ्या पाण्यातच धुवा. महिना महिना न धुतलेला स्पंज पाणी गाळत नाही, तो नायट्रेटचा कारखाना होतो.

बदलायचं पाणी कुठून आणायचं? आपल्या लोकांचा इथे फायदा आहे, पण एक धोकाही आहे. जेटीवरचं पाणी कधीही घेऊ नका. डिझेल, तेल, बर्फाचं आणि मासळी धुतलेलं पाणी तिथे असतंच. त्याहून वाईट म्हणजे होडीच्या तळाला आपण जो रंग लावतो त्यातलं तांबं. शिंपले तळाला चिकटू नयेत म्हणून ते घातलेलं असतं, आणि शिंपल्याला जे मारतं ते प्रवाळालाही मारतं, टाकीतल्या सुंगटालाही. बाहेर जाताना, जाळं टाकण्याआधी, इंजिनाच्या धुरापासून लांब, वाऱ्याच्या बाजूने पाणी भरा. कॅन खाण्याच्या वस्तूंचा हवा. डिझेलचा कॅन दहा वेळा धुतला तरी डिझेलचाच राहतो. आणलेलं पाणी अंधारात झाकून दोन आठवडे ठेवा, गाळ बसेल, त्यातले सूक्ष्म जीव मरून खाली जातील, मग वरचं वापरा.

पावसाळ्यात नद्यांच्या मुखाजवळचं पाणी टाळा. मांडवी-जुवारीच्या तोंडाशी त्या दिवसांत वरच्या पाण्याचा खारटपणा किती उतरतो हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. गंमत अशी की त्या पाण्यातही नायट्रेट टाकीच्या मानाने फारसं नसतं. अडचण आहे खारटपणाची, गाळाची आणि शहरातून वाहून येणाऱ्या घाणीची. १ जून ते ३१ जुलै बंदीचा काळ, होड्या वर ओढलेल्या, म्हणून मे महिन्यातच दोन-तीन ड्रम भरून अंधारात ठेवलेले बरे. नाहीतर टाकीसाठी मिळणारं खास मीठ आरओच्या पाण्यात कालवावं लागतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. मिठागरातलं मीठ चालेल का, असं विचारतात. नाही चालत. मिठागरात मीठ धरण्याआधी चुन्याचा बराच भाग खाली बसून जातो, आणि मॅग्नेशियम कडू पाण्याबरोबर निघून जातं. उरतं ते जेवणाचं मीठ. प्रवाळाला चुना आणि मॅग्नेशियम दोन्ही लागतं.

वाफ होऊन टाकीचं पाणी रोज थोडं कमी होतं, त्यात भर घालायची ती गोड्या पाण्याची, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही. नायट्रेटही जात नाही. इथे विहिरीचं पाणी घालणारे बरेच आहेत. पिण्याच्या पाण्यात आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. माणसाला ते ठीक, पण शेणखताच्या, संडासच्या टाकीच्या शेजारची विहीर असेल तर तुम्ही नायट्रेट कमी करायला म्हणून नायट्रेटच ओतत असाल. आरओचं पाणी वापरा, आणि एकदा तेही तपासून बघा.

तपासण्यातही गोंधळ असतो. काही किट नायट्रेट दाखवतात, काही फक्त त्यातलं नत्र. दुसऱ्या प्रकारच्या आकड्याला ४.४ ने गुणावं लागतं. म्हणजे एकाच पाण्याचा आकडा एकाकडे १० आणि दुसऱ्याकडे ४४ येऊ शकतो, आणि दोघंही बरोबर. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक किटमध्ये एक बाटली किंवा पूड अशी असते की जड कण तळाला बसतात, ती जोरात आणि सांगितली तेवढा वेळ हलवली नाही तर आकडा खोटाच कमी येतो. पाण्यात नायट्राइट असेल तर नायट्रेटचा आकडा खोटा वाढतो, म्हणून नवीन टाकीत नायट्रेट तपासण्यात अर्थ नाही. रंग पट्टीच्या शेवटी जाऊन गडद लाल झाला, तर एक भाग टाकीचं आणि चार भाग आरओचं पाणी मिसळून तपासा, येईल त्याला पाचाने गुणा. मुदत संपलेलं किट फेकून द्या.

आता साधनं. पहिलं स्किमर. पावसाळ्यात खडकावर लाट आपटून पिवळट फेस जमतो, तो हाताला चिकट लागतो, बघितलाय ना? पाण्यातली प्रथिनं बुडबुड्यांना चिकटून वर येतात. स्किमर तेच काम नळीत करतो. तो नायट्रेट काढत नाही, त्याआधीचा माल, कुजायच्या आतच, काढून घेतो. म्हणून स्किमर लावल्यावर आठवड्याभरात आकडा पडला नाही तर नावं ठेवू नका. कपात काळसर, घाण वासाचं पाणी जमतंय ना, एवढं बघा आणि कप दर दोन दिवसांनी धुवा. खाऱ्या पाण्यातच हा नीट चालतो, कारण गोड्यात इतके बारीक बुडबुडे टिकत नाहीत.

दुसरं, शेवाळ वेगळ्या डब्यात वाढवणं. टाकीच्या मागे किंवा खाली एक लहान डबा, त्यावर एक साधा पांढरा दिवा, आणि आत केटोमॉर्फा नावाचं तारेच्या गुंडाळीसारखं हिरवं शेवाळ. टाकीत नको असलेलं शेवाळ जे खातं तेच हे खातं. ते वाढलं की मूठभर उपटून बाहेर टाकायचं, तेव्हाच नायट्रेट खऱ्या अर्थाने घराबाहेर गेलं. उपटलं नाही आणि ते कुजलं तर सगळं परत पाण्यात. या डब्याचा दिवा रात्री चालू ठेवा, टाकीचा दिवसा, म्हणजे रात्री ऑक्सिजन फार उतरत नाही. कॉलेर्पा जातीचं शेवाळ दुकानात देतात, ते घेऊ नका. ते कधीकधी एका रात्रीत फुटून सगळं पाणी दुधाळ करतं. ते दर्यात तर कधीच सोडू नका. १९८४ मध्ये भूमध्य समुद्रात मोनॅकोच्या मत्स्यालयाखाली या जातीचं एक शेवाळ सापडलं, आणि पुढे ते कित्येक देशांच्या किनाऱ्यावर पसरून तळाचं गवत झाकत गेलं. टाकीतली कुठलीच जिवंत वस्तू, बाजारातून आणलेला मासासुद्धा, खाडीत सोडायचा नाही. त्या खाडीवर आपलं पोट आहे.

तिसरं, खोल वाळू. वर सांगितलेले नायट्रेटवर श्वास घेणारे जिवाणू राहतील अशी बारीक वाळूची १०-१२ सेंटिमीटर जाड गादी. एकदा घातली की ढवळायची नाही. ढवळली तर खालचा सडक्या अंड्याचा वायू वर येऊन मासे मारतो. ज्यांना टाकी सारखी हलवायची सवय आहे त्यांनी ही भानगड करू नये, पातळ वाळू ठेवून ती साफ करत राहावी. आणि वाळूत काम सुरू व्हायला काही महिने जातात.

चौथा उपाय दुकानातल्या बहुतेक बाटल्यांमध्ये वेगवेगळ्या नावांनी भरलेला असतो, तो म्हणजे जिवाणूंना साखरेसारखं काहीतरी खायला घालणं. व्हिनेगर किंवा व्होडका. त्यावर पाण्यातले जिवाणू भराभर वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट अंगात घेतात, आणि मग स्किमर त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतो. म्हणजे स्किमर नसेल तर हा उपाय नाही. करायचाच तर साधं पांढरं व्हिनेगर, १०० लिटरला दिवसाला १ मिलिलिटरपासून सुरुवात, सकाळी, वाहत्या पाण्यात. आठवड्याने थोडं वाढवायचं, आकडा उतरू लागला की तिथेच थांबायचं. एकदम जास्त घातलं तर पाणी पांढरं होतं, जिवाणू सगळा ऑक्सिजन ओढतात आणि पहाटे मासे वर तरंगलेले दिसतात. लाइट वारंवार जाते तिथे, बॅटरीवरचा हवेचा पंप असल्याशिवाय, आमचं मत विचाराल तर नकोच. घरचं माडाचं व्हिनेगर घालू नका, त्यात इतर बरंच काही असतं. आणि फेणी चालेल का, असं दोघा-तिघांनी गंभीरपणे विचारलंय. फेणी ज्याची त्याने प्यावी, टाकीला देऊ नये.

एवढं सगळं करून आकडा अडूनच बसला तर फॉस्फेट तपासा. जिवाणू आणि शेवाळ फक्त नत्रावर वाढत नाहीत. रेडफिल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने दर्यातल्या सूक्ष्म जीवांत कार्बन, नत्र आणि फॉस्फरस १०६ : १६ : १ अशा प्रमाणात असतात हे दाखवलं. कोणी फॉस्फेट ओढून घेणारी पूड घालून ते पार शून्य केलेलं असेल, तर नायट्रेट खाणाऱ्यांना दुसरं अन्न मिळत नाही आणि नायट्रेट तसंच राहतं. शून्य हे ध्येयच नाही. मऊ प्रवाळांच्या टाकीत ५ ते २० च्या मध्ये आकडा राहिला तर ठीक. सगळं शून्यावर आणलेल्या टाकीत प्रवाळ उपाशी फिकं पडतं आणि वाळूवर चिकट तपकिरी तंतू धरतात, ते काढणं जास्त कठीण. जुन्या टाकीचा पीएच उतरत असेल तर तेही याच साखळीतलं, अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. पाणी बदललं की तेही सावरतं.

शेवटी खडकाबद्दल, कारण यात आपल्याला तुरुंगापर्यंत जायची पाळी येऊ शकते. नायट्रेट उतरवायला भोकाभोकांचा खडक लागतो, हे कळल्यावर काही पोरांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो ग्रांदे बेटाजवळच्या प्रवाळाचा. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखा, हे सगळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून संरक्षित आहे. तोडणं, आणणं, घरात ठेवणं, विकणं, सगळाच गुन्हा. मेलेला, पांढरा पडलेला तुकडासुद्धा. समुद्रघोडाही त्याच यादीत. जाळ्यात आला तर जिवंत असताना परत सोडा, टाकीत ठेवू नका, आणि मोबाइलवर फोटो टाकून कुणाला दाखवूही नका. जाळ्यात अडकून आला, मी मुद्दाम नाही आणला, हे घरातल्या टाकीपुढे उभं राहून सांगता येत नाही. पर्यटकांना किंवा शहरातल्या दुकानांना प्रवाळ पुरवतो का, असं विचारणारे फिरत असतात. पैसे बरे सांगतात. पकडला जातो तो होडीवाला. होडीही जप्त होते, आणि एका टाकीच्या हौसेपायी सगळ्या घराचा हंगाम जातो.

त्याऐवजी दुकानात मिळणारे चिनी मातीचे सच्छिद्र ठोकळे, किंवा सच्छिद्र लाव्हा दगड वापरा. जिवाणूंना तो प्रवाळाचा आहे की मातीचा याच्याशी देणंघेणं नाही, आत खोलवर बारीक भोकं असली की झालं. आधी गोड्या पाण्यात आठवडाभर भिजत ठेवून, पाणी बदलत धुवा. बाजारातून मऊ प्रवाळ घेताना बिल घ्या आणि जपून ठेवा. जो दुकानदार बिल देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

ज्यांना घरी किट परवडत नाही त्यांनी पाणी ऑफिसात आणून द्यावं, तपासून देऊ. बाटली पिण्याच्या पाण्याची, आधी टाकीच्याच पाण्याने तीनदा खळखळवून घेतलेली. पाणी मधल्या खोलीवरून भरा, तळाचा गाळ नको, आणि बाटली काठोकाठ भरून त्याच दिवशी आणा. सोबत एका चिठ्ठीवर टाकी किती लिटरची, मासे किती, रोज काय आणि किती घालता, आणि शेवटचं पाणी कधी बदललं हे लिहा. चिठ्ठी नसेल तर नुसत्या आकड्यावरून आम्हाला काही सांगता येत नाही.